गोजरामायचं जातं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा सूर्य आजच्याहून रागीट होता आणि वाऱ्याला माया नव्हती. जमिनीवर भाजरा वारा सुटायचा. तो ज्या रानावरून जायचा त्या रानात झाडाचा कोळसा व्हायचा आणि गुरांच्या नुसत्या घंटा उरायच्या, असं म्हणतात. माणसं पळून पळून दमली. शेवटी ती भुईला शरण गेली. भुई म्हणाली, या, माझ्या पोटात राहा. म्हणून त्या वस्तीचं नाव पडलं पोटवाडी.

पोटवाडी म्हणजे दगडात खोदलेलं गाव. मुंग्यांच्या वारुळासारखं. एक बोळ दुसऱ्याला मिळायचा, दुसरा तिसऱ्याला फाटा फोडायचा, आणि दिवा हातात नसेल तर जन्मभर राहिलेला माणूससुद्धा वाट चुकायचा. वरचा तो वरबोळ, मधला मधबोळ, आणि सगळ्यांत खालचा तळबोळ. वरबोळात धान्याची कोठारं होती, कारण तिथला दगड दुपारी तव्यासारखा तापायचा आणि माणसाला राहवत नसे. घरं मधबोळात आणि तळबोळात होती. वर्षातून एकदा भाजरा वारा निजायचा, तेवढ्यात लोक वर जाऊन पेरायचे, कापायचे, गळिताच्या बिया वेचायचे आणि पुन्हा आत शिरायचे.

खाली रात्र नाही आणि दिवस नाही. पण वर सूर्य डोक्यावर आला की दगडातून धग उतरायची, हातपाय जड व्हायचे. म्हणून पोटवाडी दुपारी निजायची. थोरांनी दगडी ओट्यावर निजायचं आणि लेकरांना भुईवर निजवायचं, कारण भुई गार.

गावाला श्वास लागतो, तसा तो यायचा उसाशांतून. उसासा म्हणजे वरपासून तळापर्यंत खोदलेलं उभं भोक. वर वारा हलला की ते भोक मोठ्याने उसासा टाकल्यासारखं वाजायचं आणि बोळातली हवा बदलायची. ते राख-मातीने बुजू नयेत म्हणून एक उसासकरी असे. त्या काळी तो मान भिवाकडे होता.

आणि भीती होती ती मुकीची. भुईच्या अगदी तळातून कधीतरी एक हवा वर येते. तिला वास नाही, रंग नाही, आवाज नाही. म्हणून तिला मुकी म्हणायचे. ती पाण्यासारखी भरते, आधी जमिनीलगत, मग गुडघ्याइतकी, मग कमरेइतकी. तिच्यात दिवा जगत नाही आणि जीवही जगत नाही. म्हणून जुन्या बायकांनी नेम घालून दिला होता, की प्रत्येक घराने उंबऱ्याशी, भुईवर, एक दिवा लावायचा आणि घरातल्या एका बाईने त्याच्यावर डोळा ठेवायचा. त्याला पायदिवा म्हणायचे. पायदिवा मावळला की लेकरं उचलायची आणि चढण धरायची. हा भुईआईचा दिवा. तीच त्यातून सांगते.

या भिवाची बायको गोजरा. शांत स्वभावाची, हाताला चव असलेली. दळायला बसली की तिच्या जात्याची घरघर दगडातून साऱ्या गावाला ऐकू जायची, आणि रडतं पोर त्या आवाजावर झोपायचं. पण तिच्या स्वतःच्या घरात पोर नव्हतं. तिने उपास केले, मौन धरलं, अळणी जेवली. ओटी काही भरेना.

एक दिवस ती उंबऱ्याशी पायदिवा लावत होती. भिवा कामावरून आला आणि त्याच्या पायाची राख दिव्यात पडली. गोजराच्या मनात आलं, अगं बाई, आईचा दिवा आणि तो आम्ही पायाशी ठेवतो. येता-जाता पाय लागतो, धूळ पडते. आई रुसणार नाही तर काय करेल? तिने तिथेच पदर पसरला. म्हणाली, "भुईआई, माझी ओटी भरलीस तर तुझा दिवा कधी पायाशी ठेवणार नाही. घरातल्या सगळ्यांत उंच देवळीत ठेवीन."

मनापासून केला होता नवस. मनात पाप नव्हतं. वर्ष फिरायच्या आत गोजराला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं आवडी.

गोजराने दिवा उचलला आणि भिंतीतल्या उंच देवळीत ठेवला. शेजारच्या सारजाने पाहिलं. सारजाचा मुलगा म्हादू तेव्हा नुकता पालथा पडायला लागला होता. ती म्हणाली, "गोजरे, तुला पावली तर मलाही पावेल. माझ्याही पोराला आयुष्य देईल." तिनेही दिवा वर चढवला. मग तिसरीने, मग चौथीने. गावात दिव्याच्या बाबतीत शब्द चालायचा तो म्हाताऱ्या ठकूआत्याचा. बायका तिला विचारायला गेल्या. ठकूआत्या तंबाखू मळत म्हणाली, "मुकी मुकी करता, पाहिली कुणी? माझ्या आजीनेसुद्धा पाहिली नव्हती. आणि आई काय पायाशी ठेवायची असते? चढवा वर."

अशी पोटवाडीतली एकूण एक भुई अंधारी झाली. देवळ्या उजळल्या. गाव फार सुंदर दिसायला लागलं, असं म्हणतात.

पुढे आवडीला दात येऊ लागले तेव्हाची गोष्ट. वर भाजऱ्या वाऱ्याने असं थैमान घातलं की राखेचे डोंगर इकडचे तिकडे झाले. तळबोळाचा उसासा वाजायचा थांबला. भिवाने वर जाऊन पाहिलं, तर तोंडापासून आतपर्यंत गरम राख दाबून बसली होती. तो म्हणाला, "उद्या ऊन उतरलं की माणसं घेऊन मोकळा करतो. आता हात लावला तर कातडं निघेल." त्याचंही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळबोळ निजला. आवडी मात्र निजेना. हिरड्या ठणकत होत्या, किरकिर चालली होती. गोजराने तिला खांद्यावर टाकलं आणि बोळात येरझाऱ्या घालू लागली. देवळ्यांतले दिवे संथ जळत होते. गोजराला वाटलं, किती शांत आहे सगळं. मग तिला वाटलं, फार शांत आहे. सारजाचा म्हादू झोपेत घोरायचा, मोठ्या माणसासारखा, आणि सगळे त्याला हसायचे. आज तो घोरत नव्हता.

ती सारजाच्या घरात शिरली. सारजा ओट्यावर झोपली होती. खाली गोधडीवर म्हादू होता, मुठी उघड्या टाकून. आवडीला खांद्यावर घट्ट धरून गोजरा वाकली आणि तिचं डोकं गरगरलं. तोंड नीट दिसावं म्हणून तिने देवळीतला दिवा काढला आणि खाली नेला. गुडघ्यापाशी ज्योत लहान झाली. गोधडीपाशी विझली.

त्या दिवशी तळबोळात ज्यांची ज्यांची लेकरं भुईवर निजली होती, त्यांतलं एकही उठलं नाही. आणि सगळ्यांच्या डोक्यावर दिवे जळत होते.

त्याच्या पुढचं रडणं मी सांगत नाही. ज्याने ऐकलं त्याचे केस पांढरे झाले, असं म्हणतात.

तळबोळातले सगळे वर मधबोळात आले. त्यांच्यात कडेवर मूल एकट्या गोजराच्या होतं. सारजाने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या नवसाचं फळ तुझ्या खांद्यावर. आमचं कुठे गं?"

गोजरा खाली मान घालून म्हणाली, "माझं चुकलं सारजा. दिवा पायाशी होता तो पाय लागायला नव्हता. तो सांगायला होता. मी त्याला वर नेऊन मुका केला. आता तरी सगळ्या जणी दिवे खाली ठेवा. मुकी चढते आहे. उसासा मोकळा होईस्तोवर ती मधबोळातही भरेल."

"वा गं वा!" ठकूआत्या कडाडली. "तूच चढवायला लावलेस, आता तूच उतरव म्हणतेस? आई कोपली आहे. कुणाच्या तरी दिव्यात तेल कमी पडलं असेल. आता उतरवले तर उरलेली पोरंही नेईल ती."

"आत्या, मी डोळ्यांनी पाहिलं. खाली नेला की विझतो."

"पोरीला सांभाळ तू. आम्हाला शिकवू नकोस."

गोजराने एका उंबऱ्याशी दिवा ठेवला, तर त्या घरच्या बाईने उचलून वर ठेवला. दुसरीच्या दाराशी गेली, तर तिने दार लावून घेतलं. तरणी सून होती एक, ती रडत म्हणाली, "वैनी, पाया पडते. माझं एकच आहे. नवस मोडायला लावू नका." त्या बाईच्या डोळ्यांत नुसती भीती होती. ती भीती गोजरानेच तर पेरली होती. 

बरं, वरबोळात निघून जावं, तर तेही सोपं नव्हतं. दुपारच्या वेळी वरबोळात मूल नेलं तर धगीने कोमेजायचं. मागे असं झालंही होतं. वर आग आणि खाली मुकी, आणि मध्ये सगळं गाव लेकरं घेऊन बसलेलं. खूण पटल्याशिवाय कोण आपलं पोर आगीत नेईल?

भिवा माणसं घेऊन निघाला. ऊन उतरायची वाट बघायला आता वेळ नव्हता. हातापायांना ओली पोती गुंडाळली होती. गोजरा त्याला म्हणाली, "अहो, किती वेळ लागेल?"

"राख पडती आहे, मी उपसतो आहे. किती ते तिलाच माहीत," तो म्हणाला. मग आवडीच्या गालाला हात लावून म्हणाला, "तू जागी राहा गोजरा. बाकी कुणी राहो न राहो."

"राहीन," ती म्हणाली.

तो गेला. सूर्य अजून डोक्यावरच होता. रडून रडून थकलेल्या लोकांच्या पापण्या मिटायला लागल्या. गोजराने सगळीकडे पाहिलं. तिच्या मनात आलं, आता दिवे खाली ठेवले तरी पाहायला जागं कोण आहे? दिवा विझतो तेव्हा आवाज होत नाही.

तेव्हा तिला तिचं जातं आठवलं.

तळबोळाची चढण जिथे मधबोळाला मिळते तिथे, मधबोळापासून काही पायऱ्या खाली, दगडातच बसवलेलं गावाचं मोठं जातं होतं. गोजरा रोज त्याच्यावरच दळायची, आणि दळताना भुईलगत बसावं लागे. गोजराने सुपात धान्य घेतलं आणि आवडीला घेऊन सारजापाशी आली. सारजा भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर म्हादूची रिकामी गोधडी.

"सारजा, मला शिव्या दे, पण एवढं ऐक. मी चढणीवर दळायला बसते. मुकी आधी माझ्यापाशी येईल. जातं फिरतं आहे तोवर हवा चांगली आहे, निजा. जातं थांबलं की समज मी गेले. मग कुणाचंही ऐकू नकोस, सगळ्यांना उठव आणि लेकरं घेऊन चढा."

सारजाने आवडीकडे पाहिलं. "आणि ही?"

"हिला तू घे. खांद्यावरच ठेव. खाली ठेवू नकोस."

"मला देतेस? मला?" सारजाचा आवाज फाटला. "माझं गेलं ते तुझ्यापायी. मी हिचं काय करीन, याची भीती नाही वाटत तुला?"

"तुझ्याच घरापुढे येरझाऱ्या घालत होते मी," गोजरा म्हणाली, "तू जागी असतीस तर माझंही पोर तू उचललं असतंस. मला माहीत आहे."

 सारजाने हात पुढे केले. आवडी तिच्या खांद्यावर गेली, आणि दातांची ठणक होती म्हणून तिथेच चावली. सारजाने तिला घट्ट धरलं.

गोजरा चढण उतरून गेली. थोड्या वेळाने भुईतून घरघर ऐकू यायला लागली.

ठकूआत्या कूस बदलत म्हणाली, "गावात मढी पडली आणि ही दळायला बसली. लाज म्हणून नाही." पण त्या घरघरीवर तिचाही डोळा लागला. पोरं झोपली. थोर झोपले. सारजा एकटी भिंतीला टेकून, कान दगडाला लावून, खांद्यावर आवडीला घेऊन जागत होती.

जातं फिरत राहिलं. मग सावकाश झालं. पुन्हा जोरात आलं, जसं कुणी पेंगता पेंगता दचकून खुंटा आवळावा. पुन्हा सावकाश झालं. एक फेरा. बऱ्याच वेळाने अर्धा फेरा.

मग थांबलं.

सारजा उठली आणि अशी ओरडली, की तशी ती म्हादूसाठीही ओरडली नव्हती. "उठा! जातं थांबलं! गोजरा गेली! लेकरं उचला!" ती दारं लाथेने उघडत गेली. कुणी विचारत बसलं नाही. त्या तरण्या सुनेने खाली निजलेलं पोर उचललं आणि त्याने मोठा श्वास घेतला, जसा पाण्यातून वर आल्यावर घेतात. ते पाहून बाकीच्यांचे पाय आपोआप सुटले.

लोक हातात दिवे घेऊन चढणीला लागले. पण मागून मुकी कमरेपर्यंत आली होती. गर्दीत दिवे खाली वर झाले आणि एकेक करून गेले. वाटेत फाट्यांवर फाटे. वर जाणारा बोळ कोणता आणि वळून पुन्हा खाली नेणारा कोणता, कळेना. म्हातारी माणसं खाली बसली, ती बसलीच. पोरं खांद्यांवर रडत होती. कुणी म्हणे इकडे, कुणी म्हणे तिकडे.

आणि तेव्हा खालून घरघर सुरू झाली.

सगळे जागच्या जागी थांबले. जातं फिरत होतं. पहिल्यासारखं, दमदार, भरल्या पोटाची बाई दळते तसं.

"गोजरा आहे," कुणीतरी म्हणालं. "ती जिवंत आहे. मागे फिरा."

"मागे नाही!" अंधारातून ठकूआत्याचा आवाज आला.  "ती मागे बोलवत नाही. ती सांगते आहे, मी इथे खाली आहे. आवाजाला पाठ द्या. आवाज मोठा झाला की वाट चुकली. बारीक होत गेला की बरोबर. चढा माझ्या बायांनो, चढा."

आवाज पाठीशी ठेवून गाव चढत गेलं. वरबोळात पोचले तेव्हा तळपाय दगडाला चिकटत होते. बायकांनी लुगडी भिजवून पोरांवर धरली, पाणी संपलं तेव्हा घामाने भिजलेली धरली. ठकूआत्या अंगातलं बळ संपलं तरी खाली बसली नाही. एका पोराला डोक्यावर घेऊन उभी राहिली, आणि तिच्या पायांची कातडी त्या दगडावर राहिली, असं म्हणतात.

मग कुठेतरी राख कोसळल्याचा आवाज झाला. भिवाची पहार आरपार गेली होती. बुजलेला उसासा वाजला. इतका लांब, इतका मोठा वाजला, की साऱ्या पोटवाडीने एकदम श्वास घेतल्यासारखं झालं. आणि त्याच घटकेला जात्याची घरघर थांबली.

कुणी म्हणतं, तो पहारीचाच आवाज असेल. पण पहार वर होती आणि आवाज खालून येत होता.

हवा धुऊन निघाल्यावर लोक खाली आले. गोजरा जात्यावर गाल टेकून होती. हात खुंट्यावर. हात थंड होता, खूप आधीच थंड झालेला. सुपातलं धान्य थोडंसंच कमी झालेलं, आणि जात्याभोवती पीठ मात्र गुडघाभर. भिवा आला. त्याच्या हातांना फोड आले होते. तो तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "जागी राहा म्हणालो होतो. किती जागलीस गं."

त्या पिठाच्या भाकरी साऱ्या गावाने खाल्ल्या. त्या खारट होत्या, असं म्हणतात.

सारजाने आवडीला खाली ठेवलं नाही. ती चालायला लागेपर्यंत ठेवलं नाही, आणि चालायला लागली तेव्हा ठकूआत्या म्हणाली, "आता तरी सोड, पोर वाकडं होईल." आवडी बोलायला लागली तशी एका दुपारी निजायच्या वेळी ती भिवाच्या घरात भुईवर पालथी झाली. गाल दगडाला लावला आणि विचारलं, "माय, जागी आहेस?"

 भिवा भिंतीकडे तोंड करून बसला. तेव्हा शेजारच्या घरातून, दगडापलीकडून, सारजा म्हणाली, "जागी आहे गं बाई. नीज तू."

आता भाजरा वारा पूर्वीसारखा राहिला नाही. वर झाडं उभी राहिली आहेत, माणसं जातात येतात. तरी पोटवाडी खालीच राहते. तिथे आजही पायदिवा भुईवर लावतात. पाय लागला तर कुणी रागावत नाही, दिवा सरळ करतात आणि पुढे जातात. भिंतीतली सगळ्यांत उंच देवळी प्रत्येक घरात रिकामी ठेवतात. नवस बोलायला आलेल्या बाईला ती आधी दाखवतात आणि मग म्हणतात, आता बोल, काय मागायचं ते माग.

चढणीवर ते जातं आहे. त्यावर कुणी दळत नाही. बाळंतीण उठली की पहिल्यांदा तिथे जाते, एक मूठ घालते, एक फेरा देते आणि पीठ कपाळाला लावते.

आणि रोज दुपारी निजायच्या वेळी घराघरातलं सगळ्यांत धाकटं लेकरू भुईला गाल लावतं आणि विचारतं, "गोजरामाय, जागी आहेस?" त्याला उत्तर घरातून द्यायचं नाही, असा तिथला नेम आहे. आईने द्यायचं नाही, आजीने द्यायचं नाही. उत्तर शेजारच्या घरातून यावं लागतं. भांडण असलं तरी. बोलणं बंद असलं तरी. भिंतीपलीकडून आवाज येईपर्यंत कुणी डोळे मिटत नाही.

"जागी आहे. नीज तू."

जशी ती पोटवाडीच्या लेकरांसाठी जागली, तसं ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्यांच्या भिंतीपलीकडे कुणीतरी जागं असो.